पाव नोबल: चौदाव्या शतकातील इंग्लिश सोन्याची पहिली खरेदी

मध्ययुगीन इंग्लंडची सोन्याची नाणी जमवू लागणाऱ्या माणसाच्या मनात सहसा एकच चित्र असते, ते म्हणजे हातात तलवार आणि ढाल घेऊन जहाजात उभा असलेला राजा. तिसऱ्या एडवर्डचा पूर्ण नोबल तो हाच. चांगल्या अवस्थेतील नोबल घ्यायचा तर आज काही हजार पौंड मोजावे लागतात, आणि पहिल्याच खरेदीत एवढी रक्कम अडकवण्याचे धाडस थोडेच लोक करतात. मीही केले नाही. मी त्याचे सर्वांत लहान भावंड, म्हणजे पाव नोबल, आधी घेतला. पहिला घेताना फसलो, तरीही दुसरा घेतला, आणि आज दोन्ही समोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. इंग्लंडचे मध्ययुगीन सोने ज्याला ओळखून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी पाव नोबलसारखा शिक्षक नाही; मात्र पैसे देण्यापूर्वी तो काट्यावर ठेवला गेलाच पाहिजे, आणि विक्रेता त्याला राजी नसेल तर नाणे कितीही सुंदर असले तरी तेथून उठावे.

प्रथम वस्तूची ओळख. १३५१ मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसार पूर्ण नोबलचे वजन १२० ग्रेन, म्हणजे ७.७८ ग्रॅम होते. अर्धा नोबल ६० ग्रेनचा आणि पाव नोबल ३० ग्रेनचा, म्हणजे साधारण १.९४ ग्रॅमचा. सोन्याचा कस २३ कॅरट साडेतीन ग्रेन (येथे ग्रेन हे वजन नव्हे, कॅरटचा चौथा हिस्सा), आजच्या भाषेत हजारात सुमारे ९९५. हातोड्याने पाडलेल्या नाण्यासाठी हे सोने फारच मऊ आहे, आणि या नाण्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ त्या मऊपणात आहे. व्यास दोन सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी भरतो. एवढे सोने एवढ्या जागेत पसरायचे तर जाडी मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश उरते. पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला त्याच्या वजनापेक्षा पातळपणाचीच जाणीव अधिक झाली. दोन बोटांत धरले असता ते वाकेल की काय, अशी धास्ती वाटते, आणि ती धास्ती खोटी नाही.

दर्शनी किंमत २० पेन्स. नोबल ८० पेन्सचा, म्हणजे सहा शिलिंग आठ पेन्सचा होता (तेव्हा शिलिंग १२ पेन्सचा आणि पौंड २४० पेन्सचा), आणि ही रक्कम पौंडाचा बरोबर तिसरा हिस्सा व मार्क या हिशेबी एककाचा बरोबर अर्धा हिस्सा भरते. म्हणूनच नोबल व्यवहारात चटकन रुळला. पाव नोबलला त्या काळच्या कागदपत्रांत सोन्याचा फार्दिंग म्हणत, कारण फार्दिंग म्हणजे चौथा हिस्सा. मजुरांच्या वेतनावर मर्यादा घालणाऱ्या १३५१ च्या कायद्याने दगड घडवणाऱ्या मुख्य गवंड्याची रोजची मजुरी ४ पेन्स ठरवली होती. त्या हिशेबाने हे एक नाणे म्हणजे त्याची पाच दिवसांची कमाई. पूर्ण नोबल त्याच्या हाती क्वचितच आला असेल, पाव नोबल मात्र आला असू शकतो. हा विचार मला या नाण्याकडे ओढून नेणारा पहिला धागा ठरला.

दुसरा धागा त्या २० पेन्सच्या आकड्यातच आहे. तिसऱ्या हेन्रीने १२५७ मध्ये इंग्लंडचे पहिले मोठे सोन्याचे नाणे, म्हणजे सोन्याचा पेनी, काढला तेव्हा त्याचीही किंमत २० पेन्सच होती. पण त्याचे वजन चांदीच्या दोन पेनींएवढे, म्हणजे सुमारे ४५ ग्रेन होते. ढोबळ वजनांचाच हिशेब केला तर तेथे सोन्याला चांदीच्या दसपट भाव दिला गेला होता. बाजारात सोने त्याहून महाग होते, त्यामुळे ते नाणे खर्च करण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरले. पुढे त्याची किंमत २४ पेन्सपर्यंत वाढवूनही ते टिकले नाही. एडवर्डनेही जानेवारी १३४४ मध्ये उलट्या बाजूने तीच चूक केली. सहा शिलिंगांचा डबल लेपर्ड, तीन शिलिंगांचा लेपर्ड आणि दीड शिलिंगाचा हेल्म या तिन्ही नाण्यांत सोन्याची किंमत जास्त धरली गेली, व्यापाऱ्यांनी ती घ्यायला नकार दिला आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. डबल लेपर्डची आज तीनच नाणी ज्ञात आहेत. त्यांपैकी दोन १८५७ मध्ये टाइन नदीत सापडली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तर तिसरे २००६ मध्ये लिलावात ४,६०,००० पौंडांना गेले. त्याच १३४४ मध्ये नोबल आला, तोही नऊ ग्रॅमच्या आतबाहेर वजनाने, आणि १३४६ व १३५१ मध्ये दोनदा हलका केल्यावर कुठे त्याचा तोल जमला. १३५१ चा चांदीचा पेनी १८ ग्रेनचा होता. अशा वीस पेनींची ३६० ग्रेन चांदी एका पारड्यात आणि पाव नोबलचे ३० ग्रेन सोने दुसऱ्यात, म्हणजे एकास बारा. हे प्रमाण बाजाराला पटले आणि पुढे साठ वर्षे वजन बदलावे लागले नाही. संग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. १३५१ पूर्वीची नाणी दुर्मीळ व महाग, तर १३५१ नंतरची तुलनेने आवाक्यात.

आता रूपाविषयी. येथे पाव नोबल त्याच्या मोठ्या भावाच्या पासंगालाही पुरत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याच्यावर राजा नाही आणि जहाजही नाही. दर्शनी बाजूला आठ कमानींच्या चौकटीत एक ढाल आहे, आणि ढालीच्या चार भागांत आळीपाळीने फ्रान्सची लिलीची फुले आणि इंग्लंडचे सिंह आहेत. मागील बाजूला टोकांशी फुलांनी सजवलेला क्रूस आहे आणि त्याच्या चार कोनांत चार सिंह. सिंह म्हटले तरी नुसत्या डोळ्यांना ते मुंगळ्यांसारखे दिसतात. दहापट भिंगाखाली मात्र एकेकाची वर उचललेली शेपटी आणि पुढे टाकलेला पंजा स्पष्ट होतो, आणि इतक्या लहान जागेत लोखंडी ठशावर हे कोरणाऱ्या कारागिराचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. भोवतीचा लॅटिन मजकूर ‘एक्झाल्टाबिटुर इन ग्लोरिया’ असा आहे. स्तोत्रसंहितेतील या शब्दांचा अर्थ ‘तो गौरवाने उंचावला जाईल’ असा होतो. पूर्ण नोबलवरचा मजकूर, ‘येशू मात्र त्यांच्या मधून निघून गेला’ या लूकच्या शुभवर्तमानातील वाक्याचा, अधिक गूढ आणि अधिक प्रसिद्ध आहे. पाव नोबलवर एवढे शब्द मावलेच नसते.

तारीख मात्र या नाण्यावर नाही आणि त्या काळच्या कोणत्याच इंग्लिश नाण्यावर नाही. ती राजाच्या बिरुदांवरून काढावी लागते, आणि या कामातच खरी मजा आहे. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहात एडवर्डने फ्रान्सच्या सिंहासनावरचा हक्क बाजूला ठेवला, म्हणून तहानंतरच्या, म्हणजे १३६१ ते १३६९ या काळातील, नाण्यांवर ‘फ्रान्सचा राजा’ हे बिरुद येत नाही. १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले आणि बिरुदही परत आले. माझ्याकडची दोन्ही नाणी तहाच्या काळातील आहेत. त्यांवर ‘एडवर्ड, देवाच्या कृपेने इंग्लंडचा राजा’ एवढेच आहे आणि शब्दांमध्ये तिरप्या फुल्यांच्या जोड्या आहेत, तर त्याआधीच्या नाण्यांवर तेथे बहुधा बारीक वलये असतात. परंतु ढालीकडे पाहावे! मजकुरातून फ्रान्स गेला तरी ढालीतली लिलीची फुले जागच्या जागी आहेत. लेखणीने सोडलेला हक्क चित्रात तसाच ठेवायचा, हा राजकारणातला चतुरपणा दोन सेंटीमीटरच्या आत वाचायला मिळतो, आणि माझ्या मते तहाच्या काळातील पाव नोबल निवडण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे.

आता माझ्या फजितीकडे वळतो. पहिले नाणे मी चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात घेतले. छायाचित्र झगमगीत होते, ढाल ठसठशीत उमटली होती, आणि वर्णनात ‘कड किंचित गुळगुळीत’ असे तीन शब्द होते, ज्यांच्यावरून मी घाईने नजर फिरवली. वजन दिलेले नव्हते आणि मी विचारलेही नाही. सगळा खर्च धरून ४८० पौंड पडले. पाकीट आले, नाणे काट्यावर ठेवले, तर १.७६ ग्रॅम. जवळजवळ दहा टक्के सोने गायब. भिंगाखाली फिरवून पाहिल्यावर सारा उलगडा झाला. घड्याळात बारा वाजण्याच्या जागी, म्हणजे ढालीच्या बरोबर वर, कडेवर एक फिकट ठिपका होता. तेथे कधीतरी कडी डाखली होती आणि नंतर ती काढून जागा कानसीने घासली होती. कानस एकाच जागी मारली तर ती डोळ्यांत भरते, म्हणून घासणाऱ्याने बिचाऱ्या नाण्याची सगळीच कड फिरवून घासली होती, आणि त्या नादात मजकुराच्या अक्षरांची डोकी उडाली होती. म्हणजे ते कोणाच्या तरी गळ्यात किंवा साखळीत वर्षानुवर्षे लटकलेले नाणे होते. लिलावगृहाला लिहिले तर उत्तर आले की वर्णनात कडेचा उल्लेख होता. शब्दशः ते खरे होते, आणि म्हणूनच जास्त झोंबले.

दागिना झालेले नाणे निकृष्टच असते असे मी म्हणणार नाही. काहींना तोच इतिहास प्रिय असतो. परंतु त्याची किंमत बरीच कमी असायला हवी आणि ही गोष्ट विक्रेत्याने स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. इंग्लिश वर्णनांतील काही सौम्य शब्दांचे खरे अर्थ नवख्याने पाठच करून ठेवावेत. ‘गुळगुळीत कड’ म्हणजे बहुधा काढलेली कडी. ‘जुनी सुरकुती’ म्हणजे वाकवून पुन्हा सरळ केलेले नाणे. ‘पूर्वी साफ केलेले’ म्हणजे पृष्ठभागावरचा मूळचा मंद, खोल तेजाचा थर गेलेला आहे आणि आता दिसणारी चमक नवी आहे. ‘किंचित लहान चकतीवर पाडलेले’ हा शब्दप्रयोग कधी खरा असतो आणि कधी कातरलेल्या कडेवरचे पांघरूण असतो. कोणते काय, हे फक्त वजन सांगते.

कातरलेल्या सोन्याची डोकेदुखी काही आजची नाही. पाचव्या हेन्रीच्या काळात, १४२१ मध्ये, हलकी सोन्याची नाणी वजनाप्रमाणेच चालावीत असे ठरवावे लागले आणि नोबल, अर्धा नोबल व पाव नोबल तोलण्यासाठी अधिकृत वजने पुरवण्याची तजवीज झाली. नाणे हातात आल्यावर आधी तोलायचे आणि मग स्वीकारायचे, हा व्यवहार त्या काळच्या व्यापाऱ्याला अंगवळणी पडलेला होता. सहाशे वर्षांनंतर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच्या छायाचित्रावर विसंबून पैसे पाठवणारा मी त्याच्यापुढे अडाणी ठरलो.

दुसरे नाणे त्यानंतर दोन वर्षांनी लंडनमधील एका नाणे मेळ्यात घेतले. मेळ्यात टेबलांच्या रांगा असतात, प्रत्येक टेबलावर दिवा, मखमली ताटल्या आणि छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. ज्या वयस्कर विक्रेत्याकडे मी थांबलो त्यांनी मी काही विचारण्यापूर्वीच काटा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “आधी तोलून घ्या, मग भिंग लावा. उलट क्रमाने केलेत तर प्रेमात पडाल आणि वजन विसराल.” आकडा १.९१ उमटला. सहाशे साठ वर्षांत तीन शतांश ग्रॅम गेले, ते झिजेपोटी गेले असे मानायला हरकत नाही. त्यांनी दोष स्वतःहून दाखवले: मागील बाजूस दोन सिंह पुसट, कारण ठसा त्या भागात नीट बसलाच नव्हता, आणि ढालीच्या उजव्या कोपऱ्याजवळ केसासारखी बारीक चीर, जी कडेपासून आत दीड मिलिमीटर जाते. ठसा कमी बसणे हा पाडतानाचा दोष आहे, झीज नव्हे. पुसट भागातही मूळचा पृष्ठभाग शाबूत असतो, आणि प्रकाश तिरपा धरला की तो फरक कळतो. झिजलेल्या भागावर प्रकाश सपाट पसरतो, तर कमी बसलेल्या भागावर चकतीचा मूळचा खरबरीत पोत दिसतो. हे त्यांनी दिवा हलवून दाखवले. अशी पाच मिनिटे कोणताही कॅटलॉग देत नाही. नाण्यासोबत गोल कापलेली तीन जुनी चिठोरी होती, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत. पूर्वीच्या संग्राहकांनी आपापल्या लाकडी कपाटात नाण्याखाली ठेवलेली. किंमत ८५० पौंड. घासाघीस केली, पंचवीस पौंड सुटले.

अस्सल की बनावट हा प्रश्न पाव नोबलबाबत एका अडचणीमुळे अधिक नाजूक होतो. सोन्याची घनता पाण्यात तोलून तपासण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. या कसाच्या सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १९ पट यायला हवी. पूर्ण नोबलला ही कसोटी घरच्या घरी लावता येते. पाव नोबल पाण्यात बुडवल्यावर वजनात पडणारा फरक मात्र केवळ ०.१० ग्रॅमचा असतो. साधा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजतो, म्हणजे एका आकड्याची चूक झाली की उत्तर दहा टक्क्यांनी इकडेतिकडे जाते आणि कमी कसाच्या सोन्याची नक्कलही सुटून जाऊ शकते किंवा अस्सल नाण्यावर विनाकारण संशय येऊ शकतो. ही चाचणी करायचीच असेल तर ०.००१ ग्रॅमचा काटा हवा, बारीक दोरा हवा आणि नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा झटकण्याइतका धीर हवा. मी तीनदा केली, तिन्ही उत्तरे १८.८ ते १९.४ यांच्यामध्ये आली, आणि तेवढ्यावर समाधान मानले. शिवाय अक्षरांच्या पायथ्याशी पाहावे. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षराच्या कडेला धातू वाहत गेल्याच्या सूक्ष्म रेषा असतात. साच्यात ओतलेल्या नकलेत त्या जागी गुळगुळीत गोलाई आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात.

यावरून नाण्याचा अस्सलपणा तपासून त्याच्या प्रतीला आकडा देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिक पेट्यांचा विषय निघतो. आधुनिक, यंत्राने पाडलेल्या नाण्यांसाठी त्या सोयीच्या असतील. हातोड्याने पाडलेल्या पातळ सोन्याच्या बाबतीत मला त्या अडचणीच्याच वाटतात. पेटीत बंद नाणे तोलता येत नाही, त्याची कड नीट दिसत नाही, प्रकाश तिरपा धरला की प्लास्टिकच चकाकते; म्हणजे या नाण्यात ज्या तीन गोष्टी तपासायच्या, नेमक्या त्याच झाकल्या जातात. अस्सलपणाची हमी मिळते हा फायदा मी नाकारत नाही, आणि दूर देशातून खरेदी करणाऱ्याला तो मोलाचा वाटेल. परंतु पेटीवरचा आकडा पाहून नाणे घेणाऱ्याला नाणे वाचायला शिकण्याची गरजच उरत नाही, आणि मग पाव नोबल घेण्याचा माझ्या मते मुख्य हेतूच संपतो.

लिलावात बोली लावायची असेल तर हिशेब आधी मांडावा. हातोडा ज्या रकमेवर पडतो ती तुमची किंमत नव्हे. तिच्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचे शुल्क, चढतो आणि त्या प्रीमियमवर सहसा व्हॅट. समजा ७०० पौंडांवर हातोडा पडला, प्रीमियम २४ टक्के आहे आणि त्यावर २० टक्के व्हॅट आहे, तर देय रक्कम ९०१ पौंड ६० पेन्स होते. मोठ्या आकड्यांत हेच अंतर डोळे विस्फारायला लावते: तिसऱ्या हेन्रीचा जो सोन्याचा पेनी २०२१ मध्ये डेव्हनमधील शेतात मेटल डिटेक्टरने सापडला, त्याच्यावर जानेवारी २०२२ मध्ये ५,४०,००० पौंडांना हातोडा पडला आणि घेणाऱ्याला तो ६,४८,००० पौंडांना पडला. वीस पेन्सच्याच दोन नाण्यांपैकी एक तेथे आणि दुसरे माझ्या कपाटात, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. एकूण अनुभव असा की सामान्य प्रतीच्या पाव नोबलसाठी मेळ्यातील विक्रेत्याची किंमत आणि लिलावातील अखेरची किंमत यांत फार फरक पडत नाही, आणि हातात घेऊन पाहण्याची सोय विक्रेत्याकडेच आहे. लिलावगृहे विक्रीपूर्वी नाणी पाहू देतात, पण त्यासाठी नेमक्या दिवशी तेथे पोचावे लागते.

नाण्याचा पूर्वेतिहास विचारण्यात संकोच करू नये. इंग्लंडमध्ये जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंसाठी १९९६ चा खजिना कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याची वा चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर ती चौदा दिवसांत कळवणे बंधनकारक आहे, आणि संग्रहालयांना ती मिळवण्याची पहिली संधी मिळते. एकटेदुकटे सापडलेले नाणे सहसा या व्याख्येत बसत नाही, म्हणून ते बाजारात येते. तरीही जबाबदार शोधक ते सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे नोंदवतात, आणि तशी नोंद असलेल्या नाण्याला माझी पहिली पसंती असते. कोणत्या शेतात काय सापडले हे कळले नाही तर नाण्याची अर्धी गोष्ट नांगराखाली जाते. १९६६ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील फिशपूल येथे १,२३७ सोन्याची नाणी एकत्र सापडली. ती कोणीतरी १४६४ च्या सुमारास, इंग्लंडच्या सिंहासनासाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धांच्या धामधुमीत पुरली असावीत हे आज सांगता येते, ते केवळ तो साठा एकत्र तपासला गेला म्हणून. देशाबाहेर न्यायचे असेल तर निर्यात परवाना लागतो का, हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्यावे.

याच किंमतीत किंवा थोडी भर घालून दुसरे काय घेता येईल? सहाव्या हेन्रीचा पाव नोबल हा एक चांगला पर्याय आहे. १४१२ मध्ये नोबल १०८ ग्रेनवर आणला गेल्यामुळे तो २७ ग्रेनचा, म्हणजे १.७५ ग्रॅमचा असतो, आणि १४२२ पासूनच्या पहिल्या काही वर्षांतील वलयचिन्ह असलेली नाणी बऱ्यापैकी मिळतात. वजनाचा हा फरक लक्षात न ठेवणारा ग्राहक पूर्ण वजनाच्या हेन्रीला कातरलेला एडवर्ड समजून सोडून देतो, किंवा याच्या उलट करतो. चौथ्या एडवर्डचा १४६५ चा एंजल, ज्यावर देवदूत मायकेल भाल्याने सर्पासुराला मारतो, हे देखणे नाणे आहे. परंतु ते अनेक पटींनी महाग आहे, आणि राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात या समजुतीमुळे पुढच्या काळातील कित्येक एंजल भोक पाडून रुग्णांच्या गळ्यात बांधले गेले. म्हणजे कडीचे दुखणे तेथेही आहे, फक्त तेथे त्याला राजमान्यता आहे.

साठवणुकीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सोने गंजत नाही. फक्त पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड असावे आणि ते पुसण्याचा मोह आवरावा.

खरेदीपूर्वी अस्सल नाणी पाहून नजर तयार करायची असेल तर ब्रिटिश म्युझियममधील पैशाच्या इतिहासाचे दालन, खोली क्रमांक ६८, विनामूल्य आहे. काचेपलीकडून कड दिसत नाही हे खरे, पण सोन्याचा रंग कसा असावा हे डोळ्यांना तेथे कळते. घासलेल्या नाण्याचा पिवळाजर्द उथळपणा नंतर लगेच ओळखू येतो. नाणे विभागाच्या अभ्यासिकेत आगाऊ वेळ घेऊन, निश्चित हेतू सांगून जाता येते, आणि एकदा तरी जावे.

गुण द्यायचेच तर तहाच्या काळातील पाव नोबलला पाचपैकी चार. एक गुण जहाज नसल्याबद्दल कापला आहे आणि त्याबाबत माझे मन बदलणार नाही. माझे कानस मारलेले पहिले नाणे विकून टाकण्याचा सल्ला अनेकांनी दिला, परंतु ते मी दुसऱ्याशेजारीच ठेवले आहे. कोणी नवखा विचारायला आला की दोन्ही त्याच्या हातात देतो, काटा पुढे करतो आणि कोणते घ्याल ते विचारतो. बहुतेक जण काट्याकडे न पाहता पहिलेच उचलतात, कारण त्याची ढाल अधिक ठसठशीत आहे. सध्या मी अर्ध्या नोबलच्या शोधात आहे. त्याच्यावर ‘हे प्रभू, तुझ्या रागात माझी निर्भर्त्सना करू नकोस’ अशी प्रार्थना असते, आणि एडवर्डच्या काही नाण्यांवर ठसा कोरणाऱ्याच्या हातून त्यातला नकार गळून पडला आहे, त्यामुळे राजा देवाकडे रागावण्याचीच विनंती करताना दिसतो. तसे एक नाणे वजनात पुरे भरणारे मिळाले, तर जहाजाची कसर भरून निघेल.